दोन पावलं पुढे या!

शुक्रवार संध्याकाळ. घड्याळात पावणेसहा. बॉस मीटिंगमध्ये, चहाचा तिसरा राउंड सुरू, आणि आमच्या कोपऱ्यातल्या चार डेस्कांवर एकच विषय... उद्या कुठे? कुणी म्हणतं माहुली, कुणी म्हणतं माळशेज, कुणाला नुसतंच ‘कुठेतरी हिरवं’ हवं असतं. पण चर्चा कुठूनही सुरू झाली तरी गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. ‘अरे, मिररलेस कॅमेरा घेतलाय. किट लेन्स सोबत आलीये. आता पुढची लेन्स कुठली घेऊ?’

प्रत्येक ऑफिसात एक गिअरगुरू असतो. आमच्याकडेही आहे. हा प्रश्न कानावर पडला की तो खुर्ची फिरवतो, चष्मा वर सरकवतो आणि म्हणतो, ‘फर्स्ट, चेक युअर डेटा!’ म्हणजे काय, तर तुमच्या शेवटच्या काही शे फोटोंची माहिती उघडा, कुठला फोटो किती एमएमवर काढलाय ते एक्सेलमध्ये टाका, आणि जो आकडा सगळ्यात जास्त वेळा येईल ती लेन्स घ्या. सिंपल!

मीही हेच केलं होतं. एक्सेल शीट झाली, रंगीत ग्राफ झाला. निम्म्याहून जास्त फोटो निघाले ५० एमएमवर, म्हणजे किट झूम पार टोकापर्यंत ओढून. निष्कर्ष स्पष्ट होता... मला आणखी लांबचं हवंय! मग काय, ईएमआयवर घेतली की ७०-२०० झूम. वजन किलोभराच्या वर. दिसायला एकदम तोफ. लोकलमध्ये लोक वळून बघायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ती लेन्स मी वर्षभरात विकून टाकली. का, त्याचीच ही गोष्ट. आणि गोष्टीच्या ओघात, मिररलेससाठी छोटी प्राइम लेन्स कशी निवडायची तेही सांगतो.

विहिरीजवळची ती बाई

एप्रिल महिना. आसनगाव लोकल पकडून शहापूरला उतरलो होतो. (आसनगाव म्हणजेच शहापूरचं स्टेशन, हे नवख्यांसाठी!) मित्राच्या बाइकवर मागे बसून डोळखांबच्या रस्त्याला लागलो. ऊन असं की हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. रस्त्यापासून थोडं आत एक विहीर होती आणि तिच्याभोवती हंडे-कळश्यांची रांग. बायका पाण्याची वाट बघत बसल्या होत्या.

आता गंमत बघा. याच शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसाचं धरण १८९२ सालचं. मुंबईला रोज जे पाणी मिळतं त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या वॉटर कूलरमधून जो ग्लास भरता, तो बहुधा याच तालुक्यातून आलेला असतो. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मला ‘तो’ फोटो हवा होता. डोक्यावर हंडा, मागे तडकलेली जमीन, चेहऱ्यावर उन्हाची तिरीप...

मी रस्त्याच्या पलीकडे, करंजाच्या झाडाआड उभा राहिलो. २०० एमएमवर झूम. फोकस. खटॅक, खटॅक, खटॅक! सात-आठ फोटो झाले असतील. तेवढ्यात त्यातल्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडावर घेतला. आणि मग, अगदी शांतपणे, हाक मारली, ‘दादा, लपून काय काढतोस? ये इथं, हंडा उचलायला हात लाव!’

बाकीच्या सगळ्या हसल्या. मी कानापर्यंत लाल. पण गेलो. हंड्याला हात लावला, आणि खरं सांगतो, पहिल्या झटक्यात तो हललाच नाही. पंधरा लिटर पाणी म्हणजे सरळ पंधरा किलो. सकाळपासून मी मित्राला ऐकवत होतो, ‘यार, बॅग फार जड झालीये!’ बॅग होती चार किलोंची.

हंडा डोक्यावर चढला. बाई म्हणाली, ‘लई जण येतात फोटो काढायला. पाठवतो म्हणतात. अजून एक पण नाही आला.’ आणि चालू लागली.

घरी येऊन ते फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिले. टेक्निकली एकदम परफेक्ट. शार्प. पार्श्वभूमी मस्त वितळलेली. आणि त्यात एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा लक्षात आलं... माझ्या एक्सेल शीटने मला काय आवडतं ते सांगितलंच नव्हतं. मी कुठे उभा राहतो, तेवढंच सांगितलं होतं. लांब!

प्राइम म्हणजे काय रे भाऊ?

ज्या लेन्समध्ये झूम नाही, ती प्राइम. एकच फोकल लेंग्थ. दृश्य मोठं करायचं तर रिंग फिरवायची नाही, पाय हलवायचे. कठीण वाटतं ना? पण तुमच्या घरी कपाटात बाबांचा किंवा काकांचा जुना फिल्म कॅमेरा असेल तर तो काढून बघा. १९६६ साली बाजारात आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ ला ४५ एमएमची एकच पक्की बसवलेली लेन्स होती. बारसं, मुंज, लग्न, महाबळेश्वरची ट्रिप, सगळं त्या एकाच लेन्सने निघालं, आणि काही बिघडलं नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्याने काढले. तो आयुष्यभर मुख्यतः ५० एमएमच्या एका छोट्या लेन्सवर काम करत राहिला. तेव्हा ‘एका लेन्सने कसं भागणार?’ ही आपली नव्या जमान्याची काळजी आहे.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स सेन्सरच्या बरीच जवळ बसते आणि कॅमेराही बारीक होतो. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला. पण या बारीक कॅमेऱ्यावर आपण तोफ लावली तर फायदा काय? म्हणूनच ‘कॉम्पॅक्ट प्राइम’, म्हणजे पॅण्टच्या नाही तरी जॅकेटच्या खिशात मावेल अशी लेन्स.

आधी अंतर ठरवा, मग आकडा

आता कामाचं बोलू. गिअरगुरू तुम्हाला सांगेल, ‘कुठला सब्जेक्ट काढायचाय त्यावर लेन्स ठरव.’ मी म्हणतो, समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभं राहायची तुमची तयारी आहे, त्यावर ठरवा. कॅमेरा उभा धरून एका माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढायचा असेल, तर साधारण हिशेब असा (आकडे फुल फ्रेमच्या भाषेतले):

३५ एमएम: सुमारे ६ फूट. शेजारी बसून गप्पा मारण्याचं अंतर.
५० एमएम: सुमारे ९ फूट. ओसरीवरून अंगणातल्या माणसाशी बोलण्याचं अंतर.
८५ एमएम: सुमारे १५ फूट. आवाज थोडा चढवावा लागतो.
२०० एमएम: सुमारे ३५ फूट. इथून गप्पा होत नाहीत. इथून फक्त हाक मारता येते, किंवा झाडाआड लपता येतं!

ही यादी मी स्वतःसाठी एका कागदावर लिहून ठेवली आहे. डिस्काउंट सेलच्या दिवसांत तो कागद फार उपयोगी पडतो.

आता तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बघा. आपल्यापैकी बहुतेकांकडे एपीएस-सी असतो, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान. फुजी, सोनी आणि निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर लेन्सच्या आकड्याला दीडने गुणा, कॅननच्या १.६ ने, आणि मायक्रो फोर थर्ड्सवर सरळ दोनने. म्हणजे फुजीवर २३ एमएम लावली तर दिसतं ३५ सारखं, आणि ३५ लावली तर ५० च्या आसपास. हे गणित न करता मित्राचं ऐकून ‘फिफ्टी’ घेणारे खूप भेटतात. एपीएस-सीवर ती पंचाहत्तर-ऐंशी होते. मग चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी अख्खं माणूस फ्रेममध्ये येत नाही, आणि दोष लेन्सला!

आणखी एक गोष्ट. तुमच्या फोनचा मेन कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमचा असतो. तो खिशात आहेच. मग पहिली प्राइमही तेवढीच वाइड घेऊन काय मिळवणार? फोन जिथे थांबतो तिथून पुढे सुरू होणारी घ्या. ३५ ते ५० च्या मधली कुठलीही.

आणि खरेदीआधी एक फुकटातली ट्रायल. किट झूम २३ वर आणा (किंवा ३५ वर) आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. शनिवार-रविवार पट्टी काढायची नाही. सोमवारी तुम्हालाच कळेल की हात रिंगकडे किती वेळा गेला आणि पाय किती वेळा हलले. एक्सेलपेक्षा ही टेस्ट जास्त खरं बोलते.

उजेडाचं गणित

छोटी प्राइम घेण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे उजेड. किट लेन्स झूम करून टोकाला नेली की बहुतेक वेळा एफ/५.६ वर येते. एफ/२ ची प्राइम तिच्यापेक्षा जवळजवळ आठपट उजेड आत घेते. म्हणजे मुरबाडकडच्या एखाद्या घरात, चुलीसमोर, एका बल्बखाली किट लेन्सला १/१५ सेकंद लागत असेल, तर प्राइमला तोच फोटो १/१२५ मध्ये मिळतो. पहिल्यात भाकरी थापणारे हात म्हणजे नुसता धुरकट फराटा, दुसऱ्यात बोटं मोजता येतात. आणि फ्लॅश मारायची गरज नाही. चुलीच्या उजेडावर फ्लॅश मारणं म्हणजे पिठलं-भाकरीवर केचप ओतणं!

मग एफ/१.४ का नको? नको असं नाही, पण वजन बघा. फुजीची २३ एमएम एफ/२ भरते १८० ग्रॅम. तीच २३ एमएम नव्या एफ/१.४ मध्ये ३७५ ग्रॅम. दुप्पट उजेड, दुप्पट वजन. खिसाही त्याच प्रमाणात हलका होतो. माझ्या मते एफ/१.८ ते एफ/२.८ च्या मधलं काहीही आपल्याला भरपूर आहे.

एक सावधगिरी मात्र. स्वस्त बॉडींमध्ये आणि छोट्या प्राइममध्ये हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा बऱ्याचदा नसते. तेव्हा शटर १/६० च्या खाली नेऊ नका, समोर माणूस असेल तर १/१२५ ठेवा. आयएसओ थोडा वाढला तर वाढू दे. थोडे दाणे दिसलेला फोटो चालतो, हललेला नाही.

कुठे कुठली?

आता आपल्याच भागातली चार ठिकाणं घेऊ, म्हणजे हिशेब डोक्यात बसेल.

माहुली किल्ला. आसनगावहून माहुली गाव, तिथून सरळ अंगावर येणारी चढण, वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी. पळसगड, माहुली आणि भंडारगड असा तिघांचा हा डोंगर. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा लढा इथूनच दिला. शिडीवर दोन्ही हात लागतात. गळ्यात किलोभराची लेन्स लोंबकळत असली की ती प्रत्येक पायरीवर दगडाला टकटक करते. ८० ते १८० ग्रॅमची प्राइम असेल तर कॅमेरा गळ्यात आहे हेही विसरायला होतं. जो कॅमेरा बॅगेच्या तळाशी असतो, त्याने फोटो निघत नाहीत, मंडळी!

म्हशाची यात्रा. मुरबाड तालुक्यातलं म्हसा गाव, पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा, मोठा बैलबाजार. इथे गर्दी खांद्याला खांदा लावून. दोन माणसांच्या मधून, बैलाच्या शिंगाजवळून फोटो काढायचा असतो, तेव्हा ३५ सारखं दिसणारी लेन्स लागते. घोंगडीवाल्याशी भाव करता करता फोटो निघतो. धूळ प्रचंड, म्हणून लेन्स बदलायची नाही. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो आणि धूळ थेट त्यावर बसते. सकाळी एक लावा, घरी येईपर्यंत तीच.

नाणेघाट. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून चढणारी ही सातवाहनकालीन व्यापारी वाट. घाटमाथ्याजवळच्या गुहेत भिंतीवर ब्राह्मी लेख आहेत. गुहा लहान, उजेड कमी. इथे ५० लावून गेलात तर भिंतीचा एक तुकडा हाती येईल. इथे फोनची वाइड लेन्स कामाला लावा, किंवा १६ एमएमच्या आसपासची प्राइम. अक्षरांचे जवळचे फोटो मात्र ३५ ने छान येतात.

माळशेज घाट. पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, आणि लेन्सवरही. इथे हवामानाला तोंड देणारी सील्ड लेन्स असेल तर बरं, पण लक्षात ठेवा, बॉडी सील्ड नसेल तर एकट्या लेन्सचा उपयोग अर्धाच. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढलात तर काच धुकट होणारच. पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू दे, तोवर भजी खा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, पक्षी टिपायचे असतील किंवा तानसा अभयारण्यात प्राणी बघायचे असतील, तर या सगळ्या छोट्या प्राइम निरुपयोगी. तिथे लांब झूमच हवी. पक्ष्याच्या सहा फुटांवर जाऊन गप्पा मारता येत नाहीत आणि मारूही नयेत.

बरं, नावं सांग!

सांगतो. ही सगळ्यांची यादी नव्हे, छोट्या आणि भरवशाच्या काही लेन्स.

फुजी: एक्सएफ २७ एमएम एफ/२.८ डब्ल्यूआर (८४ ग्रॅम, अक्षरशः बिस्किटाएवढी), एक्सएफ २३ एमएम एफ/२ (१८० ग्रॅम), एक्सएफ ३५ एमएम एफ/२ (१७० ग्रॅम). तिन्ही हवामानाला तोंड देणाऱ्या.

सोनी एपीएस-सी: ई २० एमएम एफ/२.८ (६९ ग्रॅम), ई ३५ एमएम एफ/१.८ ओएसएस (दीडशे ग्रॅमच्या आसपास, हात हलण्याची भरपाई आत आहे). थोडी जाडजूड चालत असेल तर सिग्मा ३० एमएम एफ/१.४ (२६५ ग्रॅम). सोनी फुल फ्रेमवाल्यांसाठी २०२१ मध्ये आलेली ४० एमएम एफ/२.५ जी (१७३ ग्रॅम).

कॅनन: आरएफ २८ एमएम एफ/२.८ (१२० ग्रॅम). एपीएस-सी बॉडीवर ती ४५ सारखी दिसते, म्हणजे अगदी मधोमध. आरएफ ५० एमएम एफ/१.८ (१६० ग्रॅम) ही घराण्यातल्या स्वस्त लेन्सपैकी एक, पण एपीएस-सीवर ती ऐंशी होते हे विसरू नका. फुल फ्रेम असेल तर बिनधास्त घ्या.

निकॉन: झेड डीएक्स २४ एमएम एफ/१.७ (१३५ ग्रॅम) एपीएस-सीसाठी, झेड ४० एमएम एफ/२ (१७० ग्रॅम) फुल फ्रेमसाठी.

मायक्रो फोर थर्ड्स: ऑलिम्पसची १७ एमएम एफ/१.८ (१२० ग्रॅम) आणि ४५ एमएम एफ/१.८ (११६ ग्रॅम). दुसरी पोर्ट्रेटसाठी एकदम झकास.

यातली फक्त एक घ्या. पहिली लेन्स सहा महिने वापरल्याशिवाय दुसरीचा विचार नको. आणि दोन घ्यायच्याच झाल्या तर शेजारचे आकडे घेऊ नका. ३५ सारखी एक आणि ८५ सारखी एक, ही जोडी जमते. ३५ आणि ४० म्हणजे एकाच शर्टाच्या दोन छटा.

सेकंडहॅण्डही चालेल. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांच्या दुकानांत चक्कर मारा. एकच काळजी घ्या... लेन्सच्या आरपार टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडची दमट हवा तिची लाडकी. तशी लेन्स कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा. नवी घेतलीत तरी पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आईचा डाळीचा डबा चालतो, पण विचारून घ्या!

परत त्याच विहिरीवर

तोफ विकली. आलेल्या पैशांत उरलेले ईएमआय फेडले आणि एक २३ एमएम एफ/२ घेतली. गिअरगुरू म्हणाला, ‘डाउनग्रेड केलंस!’ मी गप्प.

पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिलमध्ये डोळखांबच्या रस्त्याला गेलो. विहीर तीच, रांग तशीच. या वेळी झाडाआड जायचा प्रश्नच नव्हता. २३ एमएमने झाडाआडून फक्त झाड दिसतं! सरळ गेलो, बॅग खाली ठेवली, आधी हंडे उचलू लागलो. अर्ध्या तासाने विचारलं, ‘मावशी, फोटो काढू का?’ दोघी ‘नको’ म्हणाल्या. त्यांचे नाही काढले. ‘नको’ म्हणजे नको. पण सहा फुटांवर उभं राहूनच तो ऐकू येतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

गेल्या वर्षीची ती बाई होतीच. मला ओळखलं की नाही माहीत नाही, पण फोटोला ‘हो’ म्हणाली. मी तिला तिचे मागचे फोटो दाखवले, छापून नेले होते. तिने ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, ‘ह्यात माझं तोंड असं का?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला माहीत नव्हतं ना मी काढतोय ते.’ ‘मग नवीन काढ,’ ती म्हणाली, आणि हंडा खाली ठेवून, पदर सारखा करून, नातवाला कडेवर घेऊन उभी राहिली.

तो फोटो इन्स्टाग्रामवर टाकला नाही. त्यात तहान नाही, तडकलेली जमीन नाही, ‘रिॲलिटी’ नाही. एक आजी आहे, नातू आहे, दोघं कॅमेऱ्याकडे बघतायत. मागे हंडे आहेतच, कुणी लपवलेले नाहीत. पंधरा दिवसांनी दोन प्रिंट नेऊन दिल्या. एक घरात लावायला, एक मुंबईला कामाला असलेल्या मुलासाठी. वर्षभरात मी काढलेल्या हजारो फोटोंपैकी कुणाच्या तरी भिंतीवर लागलेला तो एकच.

जाता जाता, टिप्स!

• लेन्स घेण्याआधी चिकटपट्टीची ट्रायल. दोन वीकएण्ड, कमीत कमी.
• सेन्सरचं गुणाकाराचं गणित दुकानात जायच्या आधी करा, बिल झाल्यावर नाही.
• वजन ग्रॅममध्ये बघा. लेन्स आणि बॉडी मिळून ७०० ग्रॅमच्या आत बसवलीत तर किल्ल्यावरही गळ्यात राहील.
• लेन्सहूड लावून ठेवा. ऊनही अडतं, दगडाचा धक्काही.
• मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला सिद्धगडच्या बाजूला काजवे बघायला जाणार असाल तर एफ/२ ची प्राइम आणि ट्रायपॉड. फ्लॅश आणि टॉर्च बंद. वनखात्याचे नियम आधी बघा.
• माणसांचे फोटो काढताना आधी विचारा. मुलांचे काढताना त्यांच्या आईवडिलांना विचारा.
• फोटो देतो म्हणालात तर द्या. गावाचं नाव, पाड्याचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या. प्रिंट काही रुपयांत होते. लेन्सच्या ईएमआयपुढे तो खर्च म्हणजे चहा-बिस्कीट.

तर मंडळी, उद्या शनिवार. कल्याणहून मुरबाडची एसटी आहे, कसारा लोकल आहेच. किट झूमवर चिकटपट्टी मारा आणि निघा. आणि कुणी ‘लांबून काय काढतोस?’ असं विचारलं तर उत्तर देत बसू नका. सरळ दोन पावलं पुढे जा. हंड्याला हात लावायची तयारी ठेवून!